नावाडीण

त्याचा डबा तिच्या पायावर पडला, तिथून हे सगळं सुरू झालं.

संग्रहालयाच्या मागच्या जिन्यातला दिवा गेलेला होता. ती टपाल आलं का बघायला वरून भराभर उतरत होती, आणि तो छातीशी डब्यांची चळत धरून खालून भराभर चढत होता. वळणावर दोघं एकमेकांवर आदळली. वरचा डबा निसटला, तिच्या अंगठ्यावर आपटला. ती कळवळून पायरीवर बसली... आणि तो झेपावला तो डब्याकडे.

"लागलं नाही ना?"

"चांगलंच लागलं."

"तुम्हाला नाही, हिला विचारतोय," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाला.

डब्याला जाळीचं झाकण होतं. आत कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी राखाडी, लोकरी बसलेलं. बोळ्याला पाय होते. अंगठ्याची ठणक विसरून ती डब्यावर वाकली. पंख नसलेली पतंगाची मादी. आणि ओळखीची नव्हती.

"ही नवी जात आहे," तो म्हणाला.

"असं सगळेच म्हणतात," ती म्हणाली.

तिचं कामच ते होतं. संग्रहालयाच्या कीटक विभागात ती पतंगांचं काम करायची. उडवायचे पतंग नव्हेत, दिव्याभोवती घिरट्या घालतात ते. नवा वाटणारा पतंग आला की तो त्याच्या भाऊबंदांशेजारी ठेवायचा, कुठं जुळतो, कुठं वेगळा पडतो ते बघायचं, आणि खरंच वेगळा निघाला तर त्याला नाव द्यायचं. ती ताईकडे राहायची, आणि ताईचं घराखालीच लाँड्रीचं दुकान होतं. ताई गिऱ्हाइकांना सांगायची, मी लोकरीतली कसर मारून पोट भरते, आणि आमची धाकटी जगभरच्या कसरीला नावं ठेवत बसते.

त्या दिवसांत धाकटीचा पाय घरात ठरत नव्हता, आणि संग्रहालयातही नाही. तिनं स्वतः शोधलेल्या पहिल्या पतंगावरचा पेपर छापायला गेला होता. विटकरी पंखांचा, भर दुपारी उडणारा, पंखावरचा पांढरा ठिपका मधोमध दुभंगलेला... त्याच्या जवळच्या सगळ्या जातींत तो ठिपका अखंड असतो. तिला नुसते नर मिळाले होते. तेवढ्यावर तिनं त्याचं घराणं ठरवलं होतं. पेपर छापून आला की नोकरीची मुदत वाढेल, असं विभागाचे सर म्हणाले होते. म्हणून दिवसातून चारदा टपाल, आणि चारदा तो जिना.

तो शेतकी कॉलेजात शिकवायचा. रस्त्याकडेच्या झाडांची पानं खाऊन टाकणाऱ्या अळ्यांचा तो अभ्यास करायचा, आणि त्यामुळे आख्खं कॉलेज त्याला अळीवाला म्हणायचं. आणलेल्या अळ्या रोगानं गेल्या होत्या. हाती राहिले खोडावरचे थोडे कोश, आणि त्यांतून निघाल्या त्या सगळ्या बिनपंखी माद्याच. सरांनी तिला सांगितलं, याला आपल्याकडच्या बिनपंखी माद्यांचे खण उघडून दाखव. झालं... दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या टेबलाशी.

त्याला एका जागी बसता यायचं नाही. खुर्चीत बसला की पाय हलायचा, पायाबरोबर टेबल हलायचं, आणि सूक्ष्मदर्शकातली मादी भूकंपात सापडल्यासारखी थरथरायची. तिनं पाय थांबवायला सांगितलं की तो म्हणायचा, पाय थांबला की डोकंही थांबतं. पण बघायला शिकला तो पटकन. पहिल्या जातीची लोकर पांढुरकी. दुसरीचे पाय लांब. तिसरीला पंखांचे नावापुरते खुंट असतात, हिला तेही नाहीत, आणि हिच्या शेपटाशी काळ्या केसांचं कडं आहे, ते कुणाकडेच नाही. कडं पहिल्यांदा त्यालाच दिसलं. तो इतका खुशीत आला की तिच्या खांद्यावर थाप मारायला हात उचलला, आणि तो तसाच अधांतरी ठेवून मान खाजवली.

"तुम्ही नावं देता म्हणजे नावाडीण झालात," तो एकदा म्हणाला.

"नावाडीण होडी चालवते."

"मग आम्हालाही पैलतीराला न्या की..."

त्या दिवशी तिनं तीच ओळ पाच वेळा लिहिली आणि पाच वेळा खोडली. तो आला नाही की तिला काम सुचायचं नाही, आणि आला की काम व्हायचं नाही. स्वतःच्या पतंगाचं तिनं त्याला काहीच सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. त्या घराण्यातल्या माद्यांना चांगले मोठे पंख असतात. त्याच्या कापसाच्या बोळ्याशी आपल्या पतंगाचा संबंध तो काय?

एका दुपारी पावसाची सर येऊन गेली. डांबरगोळ्यांच्या वासानं खोलीत कोंडल्यासारखं झालं होतं, म्हणून तिनं खिडकी उघडली. त्यानं डबा खिडकीत ठेवला, आत सकाळीच कोशातून निघालेली मादी होती. दोघं पुन्हा आपापल्या कामाला लागली. मग तिच्या केसांना काहीतरी फडफडत लागलं. मग आणखी एक आलं, भिंतीला धडकलं, डब्यावर बसलं. बघता बघता जाळीवर विटकरी पंखांची झुंबड उडाली.

"हिच्या वासावर वऱ्हाड आलं," तो आनंदानं ओरडला. "नवरदेव मिळाला हिला. अहो, बघा ना..."

ती बघतच होती. प्रत्येकाच्या पंखावर पांढरा ठिपका होता, मधोमध दुभंगलेला.

तिनं आपला खण ओढला आणि टाचणीवरचे नर त्याच्यापुढे ठेवले. हा माझा पतंग आहे, ती म्हणाली. मला याची मादी माहीत नव्हती. मी याला भलत्याच घराण्यात घातलंय, आणि तो पेपर छापायला गेलाय... टेबलाखालचा त्याचा पाय पहिल्यांदाच गप्प झाला होता.

संध्याकाळी ती दुकानात वाफेच्या इस्त्रीजवळ बसून राहिली. ताईनं दोनदा जेवायला बोलावलं, मग स्वतःच स्टूल ओढून समोर बसली. तिनं सगळं ऐकून घेतलं. पतंगांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण डाग कळत होते.

"डाग ओला असतानाच काढावा," ताई म्हणाली. "वाळला की कापड घेऊन जातो."

सकाळी तिनं संपादकांना फोन करून पेपर थांबवला. सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. चूक कळली हे चांगलंच, पण मुदतवाढीचं आता अवघड आहे, असं म्हणाले. तिनं मान हलवली आणि आपल्या खोलीत येऊन खणांमागून खण पुसायला घेतले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

अळीवाल्याला हे सरांकडून कळलं. तो धापा टाकत आला. छत्री मिटायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"कशाला थांबवलंत? जाऊ द्यायचा होता. मी कुणाला काही बोललो नसतो."

"गप्प बसला असतात?"

"तुमच्यासाठी... हो."

"आणि मग मी तुझ्याकडे कुठल्या तोंडानं बघितलं असतं रे?"

हा 'तू' कुठून आला ते तिलाही कळलं नाही. छत्रीचं पाणी जमिनीवर टपटपत होतं. तिनं फडकं खाली टाकलं आणि त्याच्याकडे न बघता जमीन पुसायला लागली. तोही खाली बसला. दोघांनी मिळून बरीच मोठी जागा पुसली, ओली नव्हती तीसुद्धा.

पेपर मग दोघांनी मिळून लिहिला. नर तिचा, मादी त्याची, घराणं नवं, बरोबर. भांडणं झाली ती नावावरून. तिचंच नाव द्यायचं असा त्याचा हट्ट होता. ती म्हणाली, माणसाचं नाव दिलेल्या पतंगाला टाचणी टोचताना हात थरथरतो. शेवटी ज्या झाडावर कोश सापडले, त्या झाडावरून नाव ठेवलं. पेपर स्वीकारल्याचं पत्र आलं. सरांनी मुदतवाढ मिळवली, मागितली होती त्याच्या निम्मी, पण मिळवली. तिनं फोन करून त्याला सांगितलं. तो छान म्हणाला. तीही छान म्हणाली. मग दोघंही घुटमळली, आणि फोन ठेवून दिला.

काम संपलं होतं. त्यानं यायचं काही कारण उरलं नव्हतं.

आता कशाचीही वाट बघायची नव्हती, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. जिन्यात पावलं वाजली की ती उठायची. दुकानात तिनं एका गिऱ्हाइकाचा सदरा दुसऱ्याला दिला. ताईनं तिच्या हातातून कपड्यांचा गठ्ठा काढून घेतला आणि एवढंच म्हणाली, जा, जाऊन ये जिथं जायचंय तिथं.

ती बसमध्ये बसली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. काय सांगायचं, कशासाठी आलो म्हणायचं... वाटभर तिनं वाक्यं जुळवली आणि मोडली. कॉलेजच्या टोकाला त्याची अळ्यांची खोली होती. ती पोचली तेव्हा तो दाराला कुलूप लावत होता. खांद्याला पिशवी, काखेत छत्री, हातात काचेची बाटली. तिला बघून किल्ली हातातून पडली.

"तुझ्याकडेच निघालो होतो," तो म्हणाला. "हे... हे एक ओळखू येत नाहीये. नवी जात असेल कदाचित."

तिनं बाटली उजेडात धरली. आत एक बारीक करडी पाकोळी होती. पिठाचा डबा काही दिवस उघडला नाही की आत होतात, त्यांतलीच.

"ही तुला ओळखता येत नाही?"

तो खाली बघायला लागला.

"येते."

"मग?"

"तुझ्याकडे यायला काहीतरी हवं होतं. सकाळपासून सगळं स्वयंपाकघर शोधलं, हिच्याशिवाय काही मिळालं नाही." मग धीर करून त्यानं विचारलं, "आणि तू? तू काय काम काढलंस?"

जुळवलेली सगळी वाक्यं तिला आठवत होती. त्यांतलं एकही तिनं वापरलं नाही.

"काहीच नाही," ती म्हणाली. "कारण शोधत बसले असते तर बस चुकली असती. तू नसलास की मला कुठंच बसवत नाही... तेवढंच सांगायला आले."

पाऊस वाढला तरी दोघं दारातच उभी राहिली, धड आत नाही, धड बाहेर नाही. बाटलीतली पाकोळी काचेवर आपटत होती. त्यानं बाटली तिच्याकडून घेतली आणि अंगठ्यानं बूच उडवून पाकोळीला डाव्या हातानंच सोडून दिलं. उजवा हात मोकळा नव्हता, तो तिनं धरला होता.