सहाव्या गाण्यातलं बाळ

रॉक बँडचा दुसरा अल्बम शुक्रवारी यायचा होता. त्याची चिरफाड मंगळवारीच एका साप्ताहिकात छापून आली. बिननावाने.

"अल्बमच्या प्रती चौघांकडेच होत्या," गिटारवाला म्हणाला. "मी, गायिका, ड्रम वाजवणारा तिचा धाकटा भाऊ आणि रेकॉर्डिस्ट. भावाशी माझं वाजलेलंच आहे. संध्याकाळपर्यंत दुसरं नाव निघालं नाही, तर तो बँडबाहेर."

तो ज्यांच्याकडे आला होता, त्या खासगी तपास करणाऱ्या बाईंना त्यांचे दीर आणि मदतनीस भाऊजी वहिनी म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. वहिनींनी कात्रणातल्या एका ओळीखाली पेन्सिल ओढली: 'सहाव्या गाण्यात गिटारच्या गोंगाटाखाली एक बाळ रडतंय आणि कुणीच त्याला उचलून घेत नाही.'

वहिनी आणि भाऊजींनी ते गाणं तीनदा ऐकलं.

"मला तर कुकरची शिट्टी अडकल्यासारखं वाटतंय," भाऊजी म्हणाले. "बाळ कुठाय?"

रेकॉर्डिस्टने एकेक वाद्य सुटं करून ऐकवलं. "स्टुडिओत कधी बाळ आलंच नाही. नुसती गिटार केकाटतेय."

भाऊ भडकला. "टुकार आहे म्हणालो ना, तोंडावर म्हणालो! एवढं शुद्ध लिहिता आलं असतं तर ड्रम कशाला बडवले असते?"

गायिका घरी होती. आतल्या खोलीत चार महिन्यांचं बाळ.

"वाचलं," ती म्हणाली. "काही वाटलं नाही."

स्वयंपाकघरात नळाखाली बादली भरत होती. गायिका मध्येच उठली. "रडला." भाऊजींनी दारातून डोकावलं. बाळ मूठ गालाशी धरून गाढ झोपलेलं. थोड्या वेळाने शेजारी मिक्सर लागला. ती पुन्हा उठली.

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना तिथेच बोलावलं आणि सहावं गाणं हळू आवाजात लावलं.

"यात बाळ नाही. कुठल्याच प्रतीत नाही. ज्याला खोटं लिहायचंय तो बेसूर म्हणेल, ताल चुकला म्हणेल. नसलेलं बाळ कशाला काढेल? लिहिणाऱ्याला ते खरंच ऐकू आलं. नळाच्या धारेत, मिक्सरच्या घरघरीत बाळ ऐकणारं या चौघांत एकच माणूस आहे. दुपारी ती दोनदा उठली. बाळ दोन्ही वेळा झोपलेलं होतं. माझी मुलगी तान्ही असताना मीही अशीच उठायचे."

"ताई?" भाऊ म्हणाला.

"पहिल्या अल्बमला गाताना मला रडू यायचं. या वेळी सगळे छान छान म्हणत होते आणि मला काहीच होत नव्हतं. वाटलं, कुणीतरी ते लिहावं. तुझ्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही."

"आणि आलं तेव्हा?"

"तेव्हाही काही झालं नाही रे."

गिटारवाला खाली बघत राहिला. "भाऊ बँडमध्ये राहतोय," एवढंच म्हणाला.

गायिकेने स्पीकरकडे मान वळवली. "आत्ता. ऐका ना. रडतोय."

भाऊ आत गेला आणि झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला.

"बघ. घेतलंय मी."

गाणं संपेपर्यंत तिचा हात बाळाच्या पाठीवर होता आणि कान स्पीकरकडे.