साडेएकेचाळीस इंच

खोटं वाटलं तर वाटू दे. मला कुणाला पटवायचं नाहीये. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही, आणि सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

मी स्पीकरची कॅबिनेट बनवते. प्लाय कापायचा, जोडायचा, आत कापूस भरायचा, स्पीकर बसवायचे. वीस वर्षं हेच करते आहे.

माझे बाबा इलेक्ट्रिक ऑर्गन वाजवायचे. आई गेल्यावर त्यांना दुसरं काही उरलं नव्हतं. ते दादाकडे राहायचे आणि दुपारभर वाजवत बसायचे.

शेवटच्या वर्षी त्यांचा फोन आला.

"चिमे, मला ऑर्गन ऐकू येईनासा झालाय गं. दादा म्हणतो वाजतोय, माझेच कान गेले. बाकी सगळं येतं ऐकू. असं होतं का?"

मी प्लाय कापत होते. हातातलं काम न सोडता म्हणाले, "होतं बाबा. वयानं काही सूर ऐकू येत नाहीत."

"मग मला मोठी कॅबिनेट करून दे ना. बरोबर कानाशी येतील अशी. मी मापं काढून ठेवतो."

"करते," म्हणाले.

केली नाहीत. आधी हे गिऱ्हाईक, मग ते गिऱ्हाईक. अकरा महिन्यांनी बाबा गेले.

त्यांच्या चष्म्याच्या डबीत मला तो कागद सापडला. थरथरत्या अक्षरात मापं लिहिलेली. खाली एक ओळ होती.

'उंची साडेएकेचाळीस इंच. बसल्यावर माझा कान इथे येतो.'

मी खूप रडले. मग कामाला लागले. उशिरा का होईना, शब्द पाळायचा होता. बाबांचा ऑर्गन बाबांच्या मापाच्या कॅबिनेटमधून एकदा तरी वाजायला हवा होता.

तो मंगळवार होता. दुपारचे तीन वाजले होते. लाईट गेलेली. दोन्ही कॅबिनेट तयार होऊन भिंतीशी उभी होती. वायरी मोकळ्या, कशालाच जोडलेल्या नाहीत. मी डबा खात होते.

टक...

मी मान वर केली.

टक... टक...

आवाज डाव्या कॅबिनेटमधून येत होता.

गोंद वाळताना लाकूड वाजतं, हे मला माहीत आहे. मी घास गिळला.

टक... टक... खर्र...

माझा हात डब्यातच राहिला.

बाबा डाव्या करंगळीचं नख वाढवायचे. वाजवताना शेवटच्या पट्टीवरून ते घासलं जायचं. त्यावरून आई त्यांना आयुष्यभर बोलली.

मी उठले आणि स्पीकरच्या कागदी पडद्यावर बोट ठेवलं.

पडदा हलत होता. आत... बाहेर... आत...

सूर मात्र नव्हता. नुसत्या पट्ट्या दाबल्याचा आवाज.

मी घाबरले नाही म्हटलं तर ते खोटं होईल. पण त्याहून जास्त मला राग आला. कशाचा, ते तेव्हा कळलं नाही. मी तशीच टेम्पो बोलावला, कॅबिनेट चढवली आणि दादाचं घर गाठलं.

दादा घरीच होता. तो घरूनच काम करतो.

"आता कशाला ही धोंड?" तो म्हणाला.

मी ऑर्गन भिंतीपासून ओढला आणि मागे वाकले.

मागे बाहेरच्या स्पीकरसाठी एक भोक असतं. त्यात पिन घातली की आतले स्पीकर बंद होतात. पिनेला वायर असो वा नसो. ऑर्गन घेतला तेव्हा हे दादाला मीच दाखवलं होतं.

त्या भोकात एक पिन होती.

वायर नसलेली. वरून चिकटपट्टी लावलेली. चिकटपट्टीवर धूळ बसलेली.

"दादा... हे काय आहे?"

त्यानं लॅपटॉप मिटला.

"हे काय आहे म्हणते मी!"

"अगं दिवसभर गाण्याची तीच एक ओळ! तीच! माझ्या मीटिंगा असायच्या. बंद करा म्हटलं की लहान मुलासारखे रडायचे. मग मी..."

"मग तू त्यांना बहिरं ठरवलंस? वर्षभर?"

"तू कोण विचारणारी? तू तरी आलीस का एकदा? तुला तर एका मिनिटात कळलं असतं!"

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. कारण ते खरं होतं. बहिरा माणूस फोनवर इतकं नीट बोलतो का? माझ्या मागे करवत चाललेली त्यांना ऐकू यायची. "हात सांभाळ गं," म्हणायचे.

मी पिन उपसून दादाच्या अंगावर फेकली. कॅबिनेट ऑर्गनच्या दोन बाजूंना ठेवली, जोडली. बटण दाबलं. दिवा लागला.

मी बाकावर बसले आणि बाबांची ती ओळ वाजवली.

टक... टक... टक...

आवाज पूर्ण वाढवला.

टक... टक...

"बिघडलाय," दादा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हो ना? बिघडलाय ना?"

मी वाजवतच राहिले. पट्ट्यांवर हात आपटत होते म्हणा ना.

तेवढ्यात दार उघडलं. वहिनी ऑफिसातून आल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या दिवसभर बाहेर असायच्या. पर्स खांद्यावर तशीच, त्या दारातच थांबल्या. डोळे भरून आले होते.

"ताई, थांबू नका ना. किती दिवसांनी वाजतोय. अगदी बाबांसारखं... खाली जिन्यापर्यंत ऐकू येत होतं."

माझे हात थांबले.

मी दादाकडे पाहिलं. दादानं माझ्याकडे.

आम्ही दोघंही कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. वेगवेगळे गेलो, कारण आम्ही आता बोलत नाही. दोघांचेही कान ठणठणीत आहेत.

ऑर्गन सध्या माझ्याकडे आहे. मी रोज दुपारी वाजवते. शेजारच्या टेलरिंगवाल्या काकू मशीन थांबवून ऐकतात. "हात छान आहे हो तुमचा," म्हणतात.

दादाला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. पण त्या फोनवर करवत बंद न करता उत्तर देणारी बाई कोण होती, ते मला माहीत आहे.

परवा मी कॅबिनेटखाली फळ्या ठोकून त्यांची उंची वाढवली. अडीच इंच. आता ती बरोबर माझ्या कानाशी येतात.

काल वाजवून पाहिलं.

टक... टक... खर्र...

मी नखं वाढवत नाही.