धाकोजी उस्तादांचा ओळंबा

कांडणगडाच्या पूर्वेच्या कड्यामागे तांबडं फुटलं, खाली गनिमाच्या छावणीत नौबत झडू लागली, आणि आदल्या दिवशी तोफांनी पाडलेलं तटाचं खिंडार पुन्हा भरून आलेलं साऱ्या गडाने पाहिलं. पण ते आपल्या हातून भरलं गेलं नाही, या जळजळीने सटवाजीला ती सकाळ कडू झाली होती.

गवंड्यांची रीतच अशी, की शागिर्दाने आधी चुना मळायचा, दगड वाहायचे, आणि उस्तादांनी चारचौघांत कमरेला भिंतीचा सरळपणा जोखायचा दोरीचा ओळंबा बांधला की मगच भिंतीला हात लावायचा. सटवाजीची उमर चुन्यात गेली, तळहातांची सालटी निघाली. आणि धाकोजी उस्तादांनी ओळंबा बांधला तो कालपरवा गडावर आलेल्या मालूच्या कमरेला! काय पाहिलं त्या पोरसवद्यात, देव जाणे.

काल चुन्याच्या पाट्या पोचवताना सटवाजीच्या ध्यानात आलं होतं. मालूने घाईघाईत तटाची आतली-बाहेरची बाजू रचली, मध्ये खडी भरली. पण दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे आरपार लांब दगड घालायचे तो विसरला. सटवाजीच्या ओठांवर शब्द आला, तो त्याने गिळला. पडू दे. उस्तादांचा लाडका कसा तोंडावर आपटतो ते बघू दे सगळ्यांना.

तेवढ्यात तोफा धडाडल्या. हवालदार रायाजीराव धारकऱ्यांसह तटापाशी आले.

"मालू, माणसं चढवू? भिंत पेलेल?"

"पेलेल, धनी. मी स्वतः वर उभा राहतो." आणि तो चढलादेखील. त्याच्यामागून धारकरी चढू लागले.

तटाने आतल्या अंगाला पोट काढलेलं सटवाजीला दिसलं, आणि तो रायाजीरावांकडे धावला.

"धनी, माणसं उतरवा. आत लांब दगड नाहीत."

रायाजीरावांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "तुझा हेवा गडावर कुणाला ठाऊक नाही, सटवाजी? बाजूला हो."

तो बाजूला झाला नाही. पडलेला सागवानी वासा उचलून त्याने त्या फुगवट्याला तिरका लावला आणि खाली स्वतःचा खांदा दिला. पुढचाच गोळा तटावर आदळला. दगड निखळले, खडी त्याच्या कमरेपर्यंत साचली, खांद्याचं हाड मोडलं. पण मालू आणि धारकरी उतरेपर्यंत वासा हलला नाही. मग उस्तादांनी चालू माऱ्यातच लांब दगड बसवून घेतले, आणि शिड्या घेऊन आलेला गनीम हात हलवत परतला.

सायंकाळी सर्वांसमक्ष उस्तादांनी मालूच्या कमरेचा ओळंबा सोडला आणि ते सटवाजीकडे आले. सटवाजीचा ऊर भरून आला.

"आत दगड नाहीत हे तुला केव्हा उमगलं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. पण उस्तादांच्या डोळ्यांत बघून ते त्याला जमलं नाही.

"काल, उस्ताद. तो बांधत होता तेव्हाच."



"मालू चुकला तो न कळून," उस्ताद हळूच म्हणाले. "तुला कळलं होतं, बाबा."

त्यांनी ओळंबा पुन्हा मालूच्याच कमरेला बांधला. मालूने मान वर केली नाही. सटवाजी मात्र गाठ बसेपर्यंत बघत राहिला. मोडलेल्या खांद्याची कळ तेवढा वेळ त्याला जाणवलीही नाही.