भिंतीवरची उष्टी नान

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच घरात घडली. अजून घडतेय.

ताश्कंद, जुनं शहर, उन्हाळ्यातला रविवार. रात्र म्हणाल तर नव्हतीच... लख्ख दुपार होती. अंगणात जर्दाळू वाळत घातले होते.

आमच्याकडे माणूस परदेशी निघाला की ताज्या नानेचा एक घास दातांनी तोडतो. उरलेली नान भिंतीला टांगायची. परत आला की त्यानंच ती संपवायची. तोवर तिला कुणी हात लावत नाही.

माझा मुलगा दोनियोर मॉस्कोला बांधकामावर गेला, तेव्हा त्यानंही घास तोडला. जर्दाळूची बी फोडताना त्याचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला. त्यामुळे नानेवरच्या खुणेत मधोमध एक उंचवटा राहिला.

"उंदीर बरा तुझ्यापेक्षा," मी म्हणाले. तो हसला. नफीसा, माझी सून, तोंड फिरवून रडत होती.

दर रविवारी सुट्टी. तो शहरभर भटकायचा आणि मला फोनवर गमती सांगायचा.

"आई, इथं कुत्री मेट्रोनं फिरतात. आपापल्या स्टेशनवर उतरतात!"

"मग तुझ्यापेक्षा हुशार. तू दोनदा चुकलास ना?"

त्या रविवारी तो एका भुयारी रस्त्यातून बोलत होता. आवाज घुमत होता.

"आई, आज कमालच बघितली. इथं भिंतीला नान टांगलीय. आपल्यासारखी. घास तोडलेली."

"असेल कुणा आपल्याच पोराची."

पावलं घुमली. तो भिंतीजवळ गेला असावा.

मग हळूच म्हणाला, "आई... त्या घासात उंचवटा आहे. मधोमध."



"हात लावू नकोस. निघ तिथून."

"सकाळपासून पोटात काही नाही गं... आणि ताजी आहे. वाफ येतेय."

"दोनियोर!"

फोनमधून आवाज आला...

कर्र.

आणि माझ्या पाठीमागे, जमिनीवर... चुरा पडला.

मी वळले. कित्येक महिने वाळून दगड झालेल्या नानेवर दुसरा घास होता. ओला. मधोमध उंचवटा.

फोन बंद झाला होता.

तो पुन्हा लागलाच नाही. ठेकेदार म्हणाला, कामावर आला नाही. त्याच्या खोलीतली पोरं म्हणाली, सामान इथंच आहे. ज्या ज्या ऑफिसात जाता येईल तिथं आम्ही गेलो. सगळीकडे चहा मिळाला. उत्तर कुठंच नाही.

घरात मात्र अधूनमधून...

कर्र.

"आई, उंदीर असेल," नफीसा म्हणायची.

"आणि त्याचाही दात तुटलाय?"

मी नान पेटीत ठेवली, कुलूप घातलं. पेटीतून चावण्याचा आवाज आला... भुकेल्या माणसाचा, घाईघाईचा. मीच ती पुन्हा भिंतीला लावली. अंधारात कोंडून का जेवायला घालायचं पोराला?

मग द्राक्षं पिकल्यावर दार वाजलं.

दोनियोर उभा होता.

नफीसा त्याच्या गळ्यात पडली. शेजारणी धावल्या. मी त्याला पोटाशी धरलं, आणि देवाशप्पथ, तेव्हा मला काही कळलं नाही. अंग गार लागलं. म्हटलं, प्रवासाचा शीण.

मी उरलेली नान काढून त्याच्यापुढे धरली.

"राहू दे आई. भूक नाही."

"एक घास तरी घे. रीत आहे."

तो हसला.

त्याचे दात अख्खे होते. सगळे.

"तिकडे बसवून घेतला," तो म्हणाला.

"दात बसवला म्हणून माणूस परका होतो का?" नफीसा माझ्यावर चिडली. बिचारी. इतक्या दिवसांनी हसत होती.

दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, "ती मेट्रोतली कुत्री कशी आहेत रे?"

"कुठली कुत्री?"

तो भिंतीकडे पाठ करूनच बसला होता. आणि तेवढ्यात, आम्हा तिघांच्या देखत...

कर्र.

चुरा पडला. ओला घास. मधोमध उंचवटा.

नफीसाच्या हातातला प्याला फुटला. तो मात्र वळलाही नाही.

आता रोज जेवताना तो एकच विचारतो, "आई, नान संपली का गं?"

फार मायेनं विचारतो.

मी रोज नवी नान भाजून जुनीच्या शेजारी टांगते. नव्यांना कुणी शिवत नाही. जुनीच कमी होतेय. आज तळहाताएवढी उरलीय. ती संपली की काय होईल, हे मला ठाऊक नाही. जेवायला माझ्यासमोर बसतो, त्याला बहुतेक ठाऊक आहे.

तुमच्यापैकी कुणी मॉस्कोत भटकत असाल, आणि एखाद्या भुयारी रस्त्यात भिंतीला उष्टी नान दिसली, तर तिला हात लावू नका. कितीही वाफ येत असली तरी.

पण तिच्याखाली दुसरी एक ताजी नान ठेवून या.

माझं पोरगं तिथं उपाशी आहे.