कंट्रोल कुणाकडे

बातमी आली तेव्हा एकनाथराव नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात उभे होते. प्रेमलाबाई पडद्यांचं कापड निवडत होत्या आणि ते नेहमीसारखे कंटाळले होते.

"साहेब, तुम्ही विमानं उतरवता म्हणे. रंग तरी सांगा की!" दुकानदार म्हणाला.

"मला धावपट्टीचा करडाच तेवढा कळतो."

तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्याबरोबर उडणारा मल्हार गेला. मोहोळजवळ हायवेवर तो मोटरसायकलवर होता, मागून टँकर आला. एकनाथरावांनी फोन खिशात ठेवला. दुकानदार कात्री धरून त्यांच्याकडे बघत होता. "कापा," ते म्हणाले. करडं कापड कापलं गेलं. काय झालं ते प्रेमलाबाईंना घरी आल्यावर कळलं.

शहराबाहेरच्या एका लहानशा फ्लाइंग क्लबात एकनाथराव नव्या वैमानिकांना सोबत करायचे. परवाना हातात पडला म्हणजे विमान चालवता येतं. भीती वाटली तर काय करायचं, ते परवान्याबरोबर मिळत नाही. म्हणून सुरुवातीच्या उड्डाणांना हे शेजारी बसत. रीत त्यांची ठरलेली. दोन्ही हात मांड्यांखाली, नजर समोर. शेजाऱ्याच्या हातांकडे चुकूनही बघायचं नाही. बघितलं की तो बिचकतो, असं त्यांचं म्हणणं.

मल्हार माळशिरसकडचा, मेंढपाळांच्या घरातला. क्लबातच इंजिनांची कामं करता करता त्यानं परवाना मिळवला होता. हात सोन्यासारखा, खोड एकच. वारा असो नसो, विमान डावीकडे किंचित कलतं करून आधी डावं चाक टेकवायचा, मग उजवं.

"लंगडी मेंढी उतरवलीस बघ," एकनाथराव म्हणायचे.

"उतरली की न्हाई, सर?" तो हसायचा.

त्याचं दिवसकार्य उरकलं. एकनाथराव माळशिरसला जाऊन आले आणि घरात बसून राहिले. शेवटी प्रेमलाबाईच म्हणाल्या, "ती उर्वी रोज फोन करते हो. तिनं काय केलंय?"

उर्वी नवीन परवान्याची. ते गेले नाहीत तर ती एकटीच उडणार होती, आणि वैशाखातली सोलापूरची हवा एकट्याची नव्हे. दुपार कलल्यावर दोघं निघाले. जाताना सगळं ठीक होतं. परतताना मात्र हिप्परग्याच्या तलावापलीकडून धुळीचा लोट उठला. सूर्य तांबडा झाला. जळक्या मातीचा वास छोट्याशा केबिनमध्ये भरला. हेडफोनमध्ये नुसती खरखर सुरू झाली. विमान पाय घसरल्यासारखं खाली जाई, पुन्हा सावरे.

आता हात बाहेर काढावेत, असं एकनाथरावांना फार वाटलं. आणखी एक पोर जायला नको... पण आज कंट्रोलचा दांडा हिसकावला तर ही मुलगी पुन्हा धुळीत कधीच विमान उतरवणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. हात मांड्यांखालीच राहिले. नजर समोर.

समोरचा दांडा शांतपणे हलत होता. दोन्ही दांडे एकमेकांना जोडलेले. तिचा हलला की यांचाही हलणार. वळण सुरेख झालं. इंजिनाचा आवाज जिथे उतरायला हवा तिथेच उतरला. धुळीतून धावपट्टी वर आली, विमान किंचित डावीकडे कललं, डावं चाक टेकलं... मग उजवं.

हिला हे कुणी शिकवलं, असं त्यांच्या मनात आलं.

इंजिन बंद झालं. उर्वी रुमालानं डोळे पुसत होती.

"थँक्यू, सर. किती अलगद उतरवलंत!"

"मी?"

"मग काय मी? मला दिसतच नव्हतं. झडपेतून धूळ आली ती थेट डोळ्यांत. आत्ता कुठे उघडतायत. म्हणून तर म्हटलं ना, यू हॅव कंट्रोल."

एकनाथरावांनी ते ऐकलंच नव्हतं. त्यांचे हात अजून मांड्यांखाली होते, मुंग्या आलेले.

"मग... मी काय म्हणालो?"

उर्वी हसली. "सर, तुम्ही पण ना! मी इथे रडकुंडीला आलेय आणि तुम्ही गावाकडचं बोलताय. 'ऱ्हाऊ द्या, माज्याकडं हाय.' खरं सांगू, तेवढ्यानंच धीर आला."

एकनाथरावांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले.

"डोळे धुऊन ये, जा," ते हळूच म्हणाले.

ती नळाकडे गेली. वारा पडला होता. थोड्या वेळानं माणसं आली, विमान ढकलत हँगरमध्ये नेलं, पंखांना दोर बांधले, दार ओढलं. एकनाथराव बाहेरच उभे होते.

दोघांच्या विमानात कंट्रोल नुसतं घेता येत नाही. एकानं दिलं म्हणायचं, दुसऱ्यानं घेतलं म्हणायचं. परत घेतानाही तसंच, तोंडानं, स्पष्ट. त्या संध्याकाळी मल्हारकडून ते कुणीच परत घेतलं नाही.