ज्या पट्ट्याला माझी नाडी दिसली नाही

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता माझं हृदय बिघडलं. मला तसं काहीच होत नव्हतं. उलट मी नुकतीच चाळीस मीटर पाण्याखालून एका दमात पोहून आले होते आणि पोहण्याच्या चाचणीत माझा पहिला नंबर लागला होता. पण तपासणीच्या टेबलामागे बसलेल्या यंत्रमानवाने माझ्या मनगटाला एक पट्टा बांधला, त्यातला हिरवा दिवा दोनदा चमकला, आणि तो गोड आवाजात म्हणाला, "उमेदवार चैती हिलम. नाडी क्षीण. ठोके अनियमित. अपात्र. पुढील उमेदवार, यावं."

ही सन २०८१ ची गोष्ट. आमच्या किनाऱ्यापासून बारा किलोमीटरवर, समुद्राच्या तळाशी सागरतळ शाळा आहे. दर वर्षी दहा ते बारा वयाची फक्त दहा मुलं तिथे सहा महिने राहतात, प्रवाळांवर प्रयोग करतात. तिथून परत आलेल्या मुलाला पुढे कुठल्याही विज्ञान संस्थेचं दार बंद नसतं. मी अकरा वर्षांची होते. आमच्या खाडीकाठच्या कातकरवाडीतून आजवर एकही मूल तिथे गेलं नव्हतं. मुलांना नेणारी पाणबुडी गुरुवारी दुपारी चार वाजता सुटणार होती.

"यंत्र पुन्हा लावा ना, सर," मी निवड अधिकारी सामंत सरांना म्हणाले.

"यंत्र खोटं बोलत नाही, बाळ," ते म्हणाले. "त्याला ना कुणी आपलं, ना परकं."

रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "खाडीवरची पोरं. पोटाला धड मिळत नाही, काळीज कुठून बळकट असणार?" तिने आवाज खाली केला नव्हता. करायची गरज वाटली नसावी. मला इतका राग आला, की रडूसुद्धा आलं नाही. तोवर निवडलेली मुलं भिंतीशी उभी होती. त्यांच्यात माझ्या रंगाचं एकही नव्हतं, आणि त्या हॉलमध्ये हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आयबरोबर, म्हणजे माझ्या आईबरोबर, रेगे आजोबांकडे चिंबोऱ्या (खेकडे) द्यायला गेले. डॉ. रेगे म्हणजे मोठे शास्त्रज्ञ. निवृत्त होऊन ते किनाऱ्यावर राहतात आणि आमच्याकडूनच चिंबोऱ्या घेतात. माझं तोंड पाहून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं.

"प्रकाशपट्टा? अगं, तो मीच बनवलाय," ते म्हणाले. "एकवीस वर्षं झाली. तो चुकणार नाही. तुला डॉक्टरांना दाखवायला हवं."

"दाखवून काय करायचं?" आय टोपली उतरवत म्हणाली. "आमच्या घराण्यातच आहे ते. मी बारा वर्षांची होते तेव्हा ह्याच शाळेच्या निवडीत मलाबी ह्याच मशीननं सांगितलं, काळीज कमजोर आहे म्हणून. माझ्या आयनं त्या दिवसापासून पाण्यात उतरू नाही दिलं."

मला हे माहीतच नव्हतं. आय काठावर बसून जाळं सांभाळायची, चिंबोऱ्या निवडायची, पण गुडघ्याच्या वर पाणी कधी येऊ द्यायची नाही. मला वाटायचं, तिला पोहायला येत नाही.

आजोबा उठून जवळ आले. मग त्यांनी माझं मनगट धरलं, दोन बोटं नाडीवर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. "बासष्ट," ते पुटपुटले. "एकसारखी. घड्याळासारखी." त्यांनी कपाटातून जुना पट्टा काढला आणि स्वतःच्या मनगटाला बांधला. आकडा आला चौऱ्याहत्तर. माझ्या मनगटाला बांधला. एकशे दहा, अडतीस, काहीच नाही, नव्वद. दारू प्यायल्यासारखा तो पट्टा बरळत होता.

"आजोबा, हा बघतो तरी कसा?" मी विचारलं.

त्यांनी टॉर्च आणून माझ्या बोटाच्या टोकाखाली पेटवला. बोट लालभडक दिसलं. "बघ, प्रकाश कातडीच्या आत शिरतो. पट्टा हिरवा प्रकाश आत सोडतो. रक्त त्यातला काही गिळतं, उरलेला परत येतो. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्त जास्त येतं, म्हणजे परत येणारा प्रकाश कमी होतो. मग पुन्हा वाढतो. पट्ट्यातला संवेदक (बदल टिपणारा भाग) हे कमी-जास्त होणं मोजतो. तीच नाडी."

"म्हणजे तो हृदय बघतच नाही. परत आलेला उजेड बघतो."

"हो."

"मग उजेड वाटेत दुसऱ्या कुणी गिळला तर?"

आजोबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं होतं. मी हात उलटा केला. माझा हात मागून काळाभोर आहे, पण तळवा फिका, जवळजवळ आजोबांच्या तळव्याइतकाच. "पट्टा इथे लावा," मी म्हणाले.

त्यांनी पट्टा तळव्यावर दाबून धरला. बासष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. बासष्ट.

"मेलॅनिन," आजोबा खुर्चीत बसत म्हणाले. "म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य. ते तयार करणाऱ्या पेशी तुझ्यात आणि माझ्यात जवळपास सारख्याच आहेत, फक्त तुझ्या पेशी ते जास्त बनवतात. उन्हापासून राखण करतं ते. प्रकाश गिळणं हेच त्याचं काम. तळव्यात मात्र ते फार थोडं असतं."

"म्हणजे छत्री आहे ती. तुमच्या यंत्राला छत्री दिसली, आणि त्यानं ठरवलं की खाली माणूसच नाही."

"प्रकाश थोडा वाढवायचा आणि मोजमाप गडद कातडीवरही तपासून घ्यायचं. दोन तासांचं काम आहे."

"इतकं सोपं?"

"तेव्हाही सोपंच होतं," ते म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते हेच. पण मला अजून एक कळत नव्हतं. एवढा हुशार माणूस, मग ही गोष्ट त्याला आधी का दिसली नाही? आजोबांनी जुनी वही काढली. पट्टा बनवल्यावर त्याचं प्रमाणीकरण (यंत्राचं माप बरोबर आहे का हे माणसांवर तपासणं) केलेल्या नोंदी होत्या. संस्थेतल्या त्रेचाळीस जणांवर चहाच्या सुट्टीत तपासणी झाली होती. चाळीस जणांची पूर्ण नावं, पुढे पदव्या. उरलेल्या तीन ओळींवर लाल रेघ होती, आणि तिथे नावं नव्हती. फक्त लिहिलं होतं: माळी. सफाई. स्वयंपाकघर. पुढे शेरा: सदोष नोंद, वगळावी.

"शास्त्रात अशी पद्धत आहे," आजोबा सावकाश म्हणाले. "बाकीच्यांपासून फार दूर पडणारा आकडा आला की तो विचलित (वाट चुकलेला) धरतात आणि बाजूला काढतात. मला वाटलं, यांनी हात हलवला असेल. घाम असेल. यंत्र चुकलं असेल हे मनातच आलं नाही. चैती, मी त्या माणसांना कधी वाईट बोललो नाही गं."

"त्यांच्याशी बोललात तरी का?" मी म्हणाले.

आय म्हणाली, "चैते, मोठ्यांशी असं बोलू नाही." पण आवाजात जोर नव्हता. ती माझ्या तळव्याकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने स्वतःचा हात पुढे केला. आजोबांनी पट्टा तिच्या तळव्यावर ठेवला. अडुसष्ट. अडुसष्ट. अडुसष्ट.

"चांगलंय?" आयने विचारलं.

"उत्तम आहे, पारूबाई. पहिल्यापासून उत्तम होतं."

आय जमिनीवर बसली. "मग मी वीस वर्षं काठावर का बसले?"

आजोबांचे डोळे भरून आले, पण मला त्यांची दया आली नाही. आज येते, थोडीशी. त्या दिवशी नाही आली.

त्या रात्री त्यांनी पट्टा दुरुस्त केला, आणि गुरुवारी आम्ही तिघं निवड केंद्रात गेलो. यंत्रमानवाने नवा पट्टा माझ्या मनगटाला बांधला. "नाडी बासष्ट. ठोके नियमित. पात्र." तोच गोड आवाज. त्याला लाजही वाटत नव्हती, पण ती त्याची चूक नाही. त्याला शिकवलं तेवढंच तो बोलतो.

सामंत सर खरोखर खूश झाले. "दहा जागा भरल्यात, पण डॉक्टरसाहेब स्वतः आलेत, तर अकरावी जागा काढू. हा घे, सही कर." त्यांनी अर्ज पुढे सरकवला. प्रवेशाचा प्रकार विचारणाऱ्या दोन चौकटी होत्या. एक गुणवत्ता, दुसरी सवलत. दुसरीत त्यांनी आधीच खूण केली होती.

"सर, मी पोहण्यात पहिली आलेय. सवलत कसली?"

"अगं, यादी लागून गेल्यावर घेतोय ना तुला. म्हणजे सवलतच झाली. दोनच चौकटी आहेत."

दारात निवडलेल्या मुलांचे आईबाप उभे होते. एक जण म्हणाला, "आता हेही सुरू झालं." साडेतीन वाजले होते. आजोबा हळूच म्हणाले, "चैती, सही कर. शब्दाचं काय एवढं?" मी आयकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुझं तू ठरव. मी काठावर बसून काही सांगायची नाही."

मला जायचं होतं. खूप जायचं होतं. पण त्या कागदावर सही केली असती, तर चूक यंत्राची आणि उपकार माझ्यावर, असं कायमचं ठरलं असतं. मी 'सवलत' खोडलं आणि वर लिहिलं, 'पट्ट्याची चूक दुरुस्त केली'. मग सही केली.

सामंत सरांनी कागद पाहिला. "खाडाखोड केलेला अर्ज बाद होतो. नवा कोरा अर्ज मुख्यालयातून यावा लागतो." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "हट्टापायी संधी घालवलीस, बाळ."

पाणबुडी चार वाजता सुटली. वेळेवर सुटली. आम्ही धक्क्यावरून बघितली.

पुढचं वर्षभर आजोबा स्वस्थ बसले नाहीत. देशभरच्या केंद्रांतले पट्टे बदलले. पुढच्या अर्जावर तिसरी चौकट आली: तपासणीतील चूक. सामंत सर सगळ्यांना सांगत, की ही कल्पना कार्यालयाची. असू दे. जुन्या नाकारलेल्या सगळ्यांना फेरतपासणीला बोलावलं, आणि त्या रांगेत मुलं थोडी आणि मोठी माणसं जास्त होती. मी बारा वर्षांची होते, शेवटची संधी. पोहण्यात पुन्हा पहिली आले आणि पहिल्या, गुणवत्तेच्या चौकटीत खूण करून घेतली.

माझ्यामागून आय टेबलाशी गेली. तिनेही अर्ज भरला होता, मला न सांगता. पट्ट्याचा हिरवा दिवा चमकला.

"उमेदवार पारू हिलम," यंत्रमानव गोड आवाजात म्हणाला. "हृदय उत्तम. वय तेहतीस. वयोमर्यादा ओलांडली आहे. अपात्र. पुढील उमेदवार, यावं."

आय उठली. "यंदा खरं बोललं," ती म्हणाली, आणि गुरुवारी माझी पिशवी उचलून मला पोचवायला धक्क्यावर आली.