एकाच जागेवरचा आवाज

दार उघडलं, आणि चित्रकलेच्या बाईंच्या हातातला बत्ता हातातच राहिला.

समोर खालच्या मजल्यावरचे घड्याळजी उभे होते. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलेलं, आवाजात उसना राग. “अहो, रोज सकाळी सातला हे काय चालतं? टेबल हादरतं माझं! स्क्रू उडतात!”

“व्यायाम...” बाई पुटपुटल्या. कॅन्सरचे उपचार संपून आठ महिने झाले होते, तरी शाळेची रजा चालूच, आणि केस जेमतेम बोटभर. रुमाल बांधायचा राहिलाय हे लक्षात आलं आणि त्यांचे कान तापले.

घड्याळजींची नजर भिंतीवरच्या हॉस्पिटलच्या तक्त्यावर गेली. ‘जागच्या जागी चालणे, पंधरा मिनिटं’, आणि पुढे दोन महिन्यांच्या बरोबरच्या खुणा. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. “माफ करा... मला ठाऊक नव्हतं,” म्हणत ते आल्या पावली परतले.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्याच दिवशी दुसऱ्या मिनिटाला त्यांचे गुडघे लटपटले होते. पण स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “तुझं पाऊल वाजलं की जिवात जीव येतो बघ!” तेव्हापासून बाई खुर्चीत बसून बत्त्याने फरशी बडवत होत्या. वर तक्त्यावर खुणाही करत होत्या! खोटं बोललं म्हणून वर्गात मुलांना रागावणाऱ्या बाई, आणि घरात हे असलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी पुन्हा दारात. काखेत जाड सतरंजी.

“एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचारून तर बघा.”

“चालणाऱ्याचा आवाज दोन ठिकाणांहून येतो. डावा, उजवा. तुमचा एकाच जागेवरून येतो... लंगडी घालता का?”

बाई खुदकन हसल्या, आणि हसता हसताच डोळे भरले. “दोन मिनिटं जमतं मला. फक्त दोन. लाज वाटते हो...”

“म्हणून तर सतरंजी आणली. यावर पाऊल वाजत नाही. केव्हाही थांबा, कुणाला कळणार नाही.” ते घुटमळले. “लाज मलाही वाटतेय. स्क्रू-बिक्रू काही उडत नव्हते. तुम्ही जिन्यात कधी दिसतच नाही... म्हणून भांडणाचं निमित्त काढलं.”

“दोन महिने कान लावून बसलात?”

“हो,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “सात वाजायची वाट बघायचो. ठोके मोजायचो.”

बाईंनी सतरंजी ठेवून घेतली. आणि तिसऱ्या दिवशी सातला त्याच खाली गेल्या, रुमाल न बांधता.

“सतरंजीवर पाऊल वाजतच नाही, तर मोजणार कसं तुम्ही? वर या... समोर बसून मोजा.”

घड्याळजी खुर्चीत बसले. बाई सतरंजीवर चालू लागल्या. डावा, उजवा. कोणीतरी आपल्याकडे बघतंय या विचाराने त्या घामाघूम झाल्या, पण थांबल्या नाहीत. दोन मिनिटं झाली आणि गुडघे लटपटले.

“बसू?”

“बसा की!”

“खुर्चीत तर तुम्ही आहात!”

ते धडपडत उठले, हात धरून त्यांनी बाईंना बसवलं. तेवढ्यात आतून आई ओरडली, “अगं, आज पाऊल का वाजत नाही? आणि बत्ता कुठे गेला बाई, रोज सकाळी शोधते मी!”

बाईंनी खुर्चीखालचा बत्ता उचलला. घड्याळजींचा हात मात्र सोडला नाही.

“माझ्याकडे आहे, आई. बाहेर ये... सगळं सांगते.”